तारे इतक्या सावकाश का जन्मतात? ढगांतील चुंबकीय क्षेत्राविषयी

आपल्या आकाशगंगेतील थंड रेण्वीय वायूचे एकूण वस्तुमान सुमारे १ अब्ज सूर्यांइतके आहे. हा वायू ज्या ढगांत साठलेला असतो, त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १० ते २० अंश असते. एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण १०० हायड्रोजन रेणू असलेल्या अशा ढगाला आतून कशाचाच आधार नसेल, तर तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाखाली सुमारे ३० लाख वर्षांत पुरता कोसळायला हवा. १ अब्जाला ३० लाखांनी भागले, तर आकाशगंगेत दरवर्षी ३०० हून अधिक सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे तयार व्हायला हवेत असे उत्तर येते. प्रत्यक्षात हा आकडा वर्षाला दोनेक सूर्यांच्या आसपास आहे.

हा भागाकार मी पहिल्यांदा स्वतः कागदावर करून पाहिला, तेव्हा आपलीच कुठेतरी शून्ये चुकली असावीत असे वाटून तो पुन्हा केला होता. शून्ये बरोबर होती. खगोलशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच हा युक्तिवाद मांडला होता आणि तेव्हापासून तारकानिर्मितीच्या प्रत्येक सिद्धान्ताला त्याचे उत्तर द्यावे लागले आहे. तरीही ताऱ्याच्या जन्माची जी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, ती मात्र 'ढग आकुंचन पावतो, मध्यभाग तापतो आणि तारा पेटतो' एवढ्यावरच थांबते. त्या गोष्टीत गुरुत्वाकर्षण एकटेच काम करत असते. ढगाच्या आत खळबळ असते, नव्या ताऱ्यांचा प्रकाश आणि वारे ढगाला उधळून लावत असतात, आणि या सगळ्यांना व्यापून एक चुंबकीय क्षेत्र असते, याचा त्यात उल्लेखही नसतो. त्यातल्या चुंबकीय क्षेत्राविषयी मला आज सविस्तर लिहायचे आहे, कारण या गोष्टीतला तो सर्वांत दुर्लक्षित आणि मोजायला सर्वांत अवघड भाग आहे.

हे क्षेत्र किती क्षीण असते ते आधी सांगायला हवे. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे अर्धा गाऊस असते. विरळ आंतरतारकीय ढगातील क्षेत्र ५ ते १० मायक्रोगाऊस (गाऊसचे दहा लाखावे भाग), म्हणजे जास्तीत जास्त त्याच्या पन्नास हजाराव्या भागाएवढे असते. एवढ्या नाममात्र क्षेत्राने हजारो सूर्यांच्या वस्तुमानाच्या ढगाला काय फरक पडणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे, की ढगही तितकाच विरळ आणि थंड असतो, आणि त्यातील वायूच्या उष्णतेचा दाब या क्षेत्राच्या दाबापेक्षा कितीतरी कमी भरतो. शिवाय क्षेत्र लहान असले तरी ते अनेक प्रकाशवर्षे पसरलेले असते, त्यामुळे त्याची एकूण ऊर्जा ढगाच्या गुरुत्वीय ऊर्जेच्या तोडीची होऊ शकते.

या क्षेत्राचा शोध लागला तो भलत्याच गोष्टीचा शोध घेत असताना. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४६ मध्ये गणिताने असे दाखवले होते, की अतितप्त ताऱ्यांच्या कडेकडून येणारा प्रकाश इलेक्ट्रॉनांवर विखुरल्यामुळे ध्रुवीकृत, म्हणजे ज्याची कंपने एका ठरावीक दिशेने जास्त आहेत असा, असायला हवा. ताऱ्याची पूर्ण तबकडी एकदम पाहिली तर हा परिणाम सगळीकडून सारखाच येऊन पुसला जातो, पण दोन ताऱ्यांच्या जोडीत एका ताऱ्याने दुसऱ्याला ग्रहण लावले आणि त्याची केवळ कड उघडी राहिली, तर तो दिसायला हवा. विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल हे दोन निरीक्षक तेच पाहायला निघाले. त्यांना ध्रुवीकरण सापडले, परंतु ते ग्रहणाबरोबर बदलत नव्हते, आणि ज्या ताऱ्यांना ग्रहण लागतच नाही अशा ताऱ्यांच्या प्रकाशातही ते होते. वाटेतल्या धुळीमुळे ज्या ताऱ्यांचा प्रकाश अधिक लालसर झाला होता, त्यांच्यात ते सामान्यतः जास्त होते, आणि आकाशातल्या शेजारच्या ताऱ्यांमध्ये त्याची दिशाही एकसारखी होती. याचा अर्थ ध्रुवीकरण ताऱ्यावर होत नव्हते, ते वाटेत होत होते. १९४९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वाटेतल्या धुळीने प्रकाश ध्रुवीकृत व्हायचा असेल, तर धुळीचे कण लांबट असले पाहिजेत आणि ते प्रचंड अंतरांवर एकाच दिशेने रांगेत उभे राहिले पाहिजेत. त्यांना असे उभे करणारी शक्ती चुंबकीय क्षेत्राखेरीज दुसरी सुचत नव्हती. आज आपल्याला हे बऱ्याच तपशिलात ठाऊक आहे. मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढे हे कण भोवऱ्यासारखे गरगरत असतात. ताऱ्यांचा प्रकाश त्यांच्या वेड्यावाकड्या आकारावर पडून त्यांना पीळ देतो, आणि त्यांचा अक्ष हळूहळू चुंबकीय बलरेषेच्या दिशेला येतो. कण आपल्या आखूड अक्षाभोवती फिरत असल्यामुळे त्याची लांब बाजू बलरेषेला आडवी राहते. मागच्या ताऱ्याचा प्रकाश त्या लांब बाजूच्या दिशेने जास्त अडतो, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश बलरेषेच्या दिशेने ध्रुवीकृत झालेला असतो. तोच कण स्वतः जेव्हा अवरक्ताच्या पलीकडच्या, मिलिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर प्रारण देतो, तेव्हा ते मात्र लांब बाजूच्या दिशेने, म्हणजे बलरेषेला काटकोनात ध्रुवीकृत असते. अशा निरीक्षणांचे नकाशे काढताना प्रत्येक रेघ ९० अंशांनी वळवून घ्यावी लागते ती यामुळे.

चंद्रशेखर यांचे भाकीत पडताळायला निघालेल्या निरीक्षणांतून जे हाती आले, त्याचा सर्वांत सुंदर उपयोग पुढे चंद्रशेखर यांनीच केला, ही या इतिहासातली मला फार आवडणारी गोष्ट आहे. १९५३ मध्ये त्यांनी आणि एन्रिको फर्मी यांनी आकाशगंगेच्या सर्पिल भुजांतील चुंबकीय क्षेत्र मोजण्याची एक युक्ती मांडली. तिच्यामागचा विचार एखाद्या वाद्याच्या तारेवरून समजेल. तार घट्ट ताणलेली असेल तर धक्का दिल्यावर ती थोडीच हलते, सैल असेल तर खूप हेलकावते. ढगातील वायूची खळबळ हा धक्का आहे आणि चुंबकीय बलरेषा ही तार. वर्णरेषांच्या, म्हणजे अणुरेणूंच्या ठरावीक तरंगलांबीवरच्या रेषांच्या, रुंदीवरून खळबळीचा वेग कळतो, घनता अंदाजता येते, आणि ध्रुवीकरणाच्या दिशा सरासरीपासून किती अंशांनी इकडेतिकडे झालेल्या आहेत यावरून तार किती हेलकावते आहे ते कळते. या तीन गोष्टींवरून ताण, म्हणजेच क्षेत्राचे बल काढता येते. त्यांचे उत्तर सुमारे ७ मायक्रोगाऊस आले. सत्तर वर्षांनंतरच्या मोजमापांशी ते इतके जुळते आहे की आश्चर्य वाटते. लिव्हरेट डेव्हिस यांनी १९५१ मध्ये असाच विचार मांडला होता, त्यामुळे आता या पद्धतीला तिघांचे नाव लावले जाते. तिच्यात दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, आणि आजही तिच्या उत्तरात दुपटीतिपटीची चूक सहज असू शकते, पण ती अजून टाकून द्यावी लागलेली नाही.

१९५३ मधल्याच दुसऱ्या निबंधात चंद्रशेखर आणि फर्मी यांनी दाखवले, की ढगातील चुंबकीय ऊर्जा गुरुत्वीय ऊर्जेपेक्षा जास्त असेल, तर तो ढग बांधलेला राहूच शकत नाही. इथून पुढचा विचार करण्यासाठी हान्नेस आल्फवेन यांनी १९४० च्या दशकात मांडलेली एक कल्पना लागते. ज्या वायूत विद्युत्‌भारित कण आहेत, अशा वायूत बलरेषा जणू गोठून बसतात. वायू बलरेषेच्या दिशेने, दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा सहज सरकू शकतो. परंतु आडवा सरकू लागला तर बलरेषांनाही सोबत ओढत नेतो. त्यामुळे ढग आकुंचन पावताना बलरेषाही दाटत जातात, आणि जितक्या त्या दाटतात तितक्या विरोध करतात.

लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्ये यातून निघणारा निर्णायक मुद्दा मांडला. बलरेषा वायूत गोठलेल्या असतील, तर ढगाचे वस्तुमान आणि त्याच्यातून जाणाऱ्या बलरेषांची एकूण संख्या, म्हणजे चुंबकीय अभिवाह, यांचे गुणोत्तर ढग कितीही दाबला तरी बदलत नाही. हे गुणोत्तर एका ठरावीक मर्यादेच्या खाली असेल, तर गुरुत्वाकर्षण ढगाला कधीच कोसळवू शकणार नाही, मग बाहेरून कितीही दाब येवो. ते मर्यादेच्या वर असेल, तर चुंबकीय क्षेत्र कोसळणे मंद करील, वाकडे करील, पण थांबवू शकणार नाही. ढगाचे सगळे भवितव्य या एका गुणोत्तरावर येऊन ठेपते, आणि या विषयातील बहुतेक वाद फिरून फिरून त्याच्याच किमतीवर येतात.

याच दोघांनी सुटकेची वाटही दाखवली. घट्ट ढगाच्या आत ताऱ्यांचा प्रकाश पोहोचत नाही, वैश्विक किरण तेवढे पोहोचतात आणि तेच थोड्याफार अणुरेणूंना आयनित करतात. घन गाभ्यात साधारण १ कोटी उदासीन कणांमागे एखादाच भारित कण उरतो. बलरेषा धरून ठेवतात त्या फक्त या भारित कणाला. बाकीच्यांना चुंबकत्वाची जाणीव होते ती त्याच्याशी टक्कर झाली तरच. भारित कण पुरेसे विरळ असतील, तर उदासीन वायू त्यांच्यातून हळूहळू झिरपत केंद्राकडे सरकतो आणि बलरेषा मागे राहतात. या झिरपण्याला अँबिपोलर विसरण म्हणतात. त्याला लागणारा काळ मुक्तपणे कोसळण्याच्या काळाच्या साधारण दहापट असतो. तारे सावकाश का जन्मतात, याचे एक देखणे उत्तर इथे तयार होते: ढग चुंबकीय आधारावर तोललेला असतो, वायू हळूहळू निसटत जातो, मध्यभागी गाभा जमतो, आणि गुणोत्तर मर्यादा ओलांडते तेव्हा तो कोसळतो. १९७० आणि १९८० च्या दशकांत हे चित्र जवळजवळ सर्वमान्य झाले होते.

देखणेपणाची बाजू सोडून ते खरे आहे का हे पाहायचे, तर क्षेत्राचे बल थेट मोजावे लागते, आणि त्याचा एकच विश्वासार्ह मार्ग आहे. पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये दाखवले होते, की चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा दुभंगतात. आंतरतारकीय ढगात हे मोजणे किती नाजूक आहे याची कल्पना आकड्यांवरूनच येईल. हायड्रोजनची २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेषा १४२ कोटी हर्ट्झ वारंवारतेवर असते. १० मायक्रोगाऊसच्या क्षेत्रात तिचे दोन घटक एकमेकांपासून जेमतेम २८ हर्ट्झ दूर जातात. आणि खळबळीमुळे व उष्णतेमुळे ती रेषा मुळातच हजारो हर्ट्झ पसरलेली असते. दोन घटक वेगवेगळे दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ते परस्परविरुद्ध दिशांनी वर्तुळाकार ध्रुवीकृत असतात, म्हणून एकातून दुसरे वजा करून उरणारी अंधूक नागमोडी खूण शोधावी लागते. ही कल्पना १९५७ मध्ये मांडली गेली, पण खूण पक्की सापडायला १९६८ उजाडले, जेव्हा गेरिट व्हर्शूर यांनी शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए या अतिनवताऱ्याच्या अवशेषासमोर असलेल्या वायूत ती टिपली. त्यातही एक मर्यादा आहेच: या पद्धतीने क्षेत्राचा फक्त आपल्या दृष्टिरेषेतला घटक कळतो, तर धुळीच्या ध्रुवीकरणातून आकाशाच्या प्रतलातली दिशा कळते. संपूर्ण क्षेत्र एकाच वेळी हाती येत नाही. या विषयातील कोणताही आकडा वाचताना मी हे मनाशी घोकत असतो.

त्यानंतरची चाळीसेक वर्षे काही मोजक्या लोकांनी, विशेषतः रिचर्ड क्रचर आणि थॉमस ट्रोलंड यांनी, हायड्रॉक्सिल आणि सायनोजेन या रेणूंच्या रेषांवर तासन्‌तास दुर्बिणी रोखून अशी मोजमापे गोळा केली. क्रचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ती सर्व एकत्र मांडली. घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ३०० कणांच्या घनतेपर्यंत क्षेत्राची कमाल किंमत १० मायक्रोगाऊसच्या आसपासच राहते, आणि त्यापुढे ती घनतेच्या साधारण दोन तृतीयांश घाताने वाढते. विरळ हायड्रोजन ढगांत वस्तुमान आणि अभिवाह यांचे गुणोत्तर मर्यादेखाली आढळते, तर घट्ट रेण्वीय गाभ्यांत ते मर्यादेच्या दोन-तीनपट भरते. थोडक्यात, जिथे तारे जन्मत आहेत तिथे गुरुत्वाकर्षण जिंकलेले असते, पण फार मोठ्या फरकाने नाही.

मग ही मर्यादा नेमकी कुठे ओलांडली जाते? जुन्या चित्राप्रमाणे ती अगदी आतल्या गाभ्यात ओलांडली जायला हवी. २०२२ मध्ये चीनमधील फास्ट या ५०० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने वृषभ राशीतील एल १५४४ या गाभ्याभोवतीच्या आवरणात झीमन परिणाम मोजला. तिथे क्षेत्र सुमारे ४ मायक्रोगाऊस निघाले, म्हणजे बाहेरच्या कितीतरी विरळ वायूत असते जवळजवळ तेवढेच. घनता वाढली होती, क्षेत्र त्या प्रमाणात वाढले नव्हते, आणि गुणोत्तर गाभ्याच्या बाहेर, आवरणातच मर्यादेच्या वर गेलेले होते. एका गाभ्यावरून सर्वांचा न्याय करता येत नाही. पण माझे मत या निरीक्षणाने बदलले, हे मी इथे नोंदवतो. संथ झिरपण्याच्या सिद्धान्तावर माझी बरीच वर्षे श्रद्धा होती, कारण तो इतका स्वयंपूर्ण आहे. आता मला वाटते, की ढग बनतानाच, वायू बलरेषांच्या दिशेने वाहत येऊन साचताना किंवा खळबळीत बलरेषा तुटून पुन्हा जुळताना, चुंबकीय पकड बरीच सैल होत असावी. ताऱ्यांच्या संथ जन्माचे श्रेय चुंबकीय क्षेत्राला खळबळीबरोबर आणि नव्या ताऱ्यांनी ढग उधळण्याबरोबर वाटून घ्यावे लागेल.

क्षेत्राने ढग रोखून धरला नाही, तरी त्याला आकार मात्र दिला आहे, हे प्लांक उपग्रहाने स्पष्ट केले. २००९ मध्ये सोडलेला हा युरोपीय उपग्रह विश्वाच्या आद्य प्रारणाचा अभ्यास करण्यासाठी होता. आकाशगंगेची धूळ ही त्याच्या कामातली अडचण, परंतु तीच अडचण ३५३ गिगाहर्ट्झवर मोजून त्याने सबंध आकाशातील बलरेषांचा नकाशा दिला. हर्शेल या अवकाश दुर्बिणीने दाखवल्याप्रमाणे ढग लांबच लांब तंतूंनी विणलेले असतात. प्लांकच्या नकाशात विरळ तंतू बलरेषांना समांतर दिसतात, आणि घनता एका टप्प्यापलीकडे गेली की तंतू बलरेषांना आडवे होतात. संगणकावरच्या प्रतिरूपांत क्षेत्र पुरेसे बलवान ठेवले तरच असा पालट उमटतो. क्षेत्र दुबळे ठेवले तर तंतू आणि बलरेषा यांचा मेळ उरत नाही. आडवे होण्यामागचे कारणही मण्यांच्या उपमेतच आहे: वायू बलरेषांवरून सरकत येतो आणि त्यांना काटकोनात ढीग रचतो.

आणखी आत गेले तर एक आकृती दिसते, जिचे भाकीत आधी झाले आणि जी नंतर दिसली. गाभा कोसळताना बलरेषा मध्यभागी आत खेचल्या जातात आणि दोन्ही टोकांना मोकळ्या राहतात, त्यामुळे त्यांचा आकार डमरूसारखा व्हायला हवा. ययाती तारकासमूहात, सुमारे १,००० प्रकाशवर्षांवर, एनजीसी १३३३ आयआरएएस ४ए नावाचे अतितरुण ताऱ्यांचे एक ठिकाण आहे. हवाईतील सबमिलिमीटर ॲरेने २००६ मध्ये तिथे हा डमरू इतका स्वच्छ दाखवला, की ते चित्र पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखे वाटते. सर्वच गाभे असे नीटस नसतात. चिलीतील अल्मा दुर्बिणींनी पाहिलेल्या पुष्कळ गाभ्यांत बलरेषा गुंतलेल्या आहेत, आणि तिथे खळबळीचा किंवा तरुण ताऱ्यातून निघणाऱ्या प्रवाहाचा हात दिसतो.

क्षेत्राचे सर्वांत मोठे काम मात्र माझ्या मते ढगाची भोवंड कमी करण्याचे आहे. गाभा काही दशलक्ष वर्षांत एक फेरी इतक्या संथपणे फिरत असतो. त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, तसाच ठेवून तो ताऱ्याएवढा आकसला, तर त्याला एका फेरीला काही मिनिटे, कदाचित काही सेकंदच लागतील. आणि सूर्यासारखा तारा पावणेतीन तासांपेक्षा वेगाने फिरू लागला तर फुटूनच जाईल. म्हणजे जवळजवळ सगळा संवेग कुठेतरी टाकून दिल्याशिवाय तारा बनू शकत नाही. गाभ्याला भोवतालच्या वायूशी जोडणाऱ्या बलरेषा फिरण्यामुळे पिळल्या जातात, आणि तो पीळ लाटांच्या रूपाने बाहेर वाहून नेतात. मोठा पेच असा, की बलरेषा गोठलेल्याच धरल्या तर हा ब्रेक इतका जोराचा लागतो की ताऱ्याभोवती तबकडी बनतच नाही, आणि तबकडीखेरीज ग्रह नाहीत. प्रत्यक्षात तबकड्या सर्रास दिसतात. येथे झिरपण्याची ती जुनी प्रक्रिया पुन्हा कामाला येते: आतल्या घट्ट, जवळजवळ उदासीन वायूवरची पकड सुटते, आणि तबकडीला फिरायला मोकळीक मिळते. त्याच सुटण्यामुळे दुसरेही कोडे उलगडते. ढगाचे सगळे क्षेत्र ताऱ्यात कोंबले गेले असते, तर ताऱ्याच्या पृष्ठभागावर कोट्यवधी गाऊस भरले असते. तरुण ताऱ्यांवर प्रत्यक्षात काही हजार गाऊस आढळतात.

आपल्या स्वतःच्या सूर्याच्या ढगाचे काय, हा प्रश्न मला बरीच वर्षे निरर्थक वाटत असे, कारण तो ढग साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच विरला. पण १९४० मध्ये भारतात पडलेल्या सेमरकोना या उल्केत त्या काळातले मिलिमीटरभर आकाराचे गोलक आहेत. सूर्याभोवतीच्या तबकडीत ते वितळले आणि पुन्हा थिजले, आणि थिजताना त्यांच्यातील लोखंडाच्या सूक्ष्म कणांनी भोवतीचे चुंबकीय क्षेत्र नोंदवून ठेवले. २०१४ मध्ये ही नोंद वाचली गेली. तबकडीतून वायू सूर्याकडे सरकत राहण्यासाठी जेवढे क्षेत्र लागेल असे सिद्धान्त सांगत होता, त्याच्याशी ती जुळते. आकडा सुमारे अर्धा गाऊस आहे. आज पृथ्वीवर होकायंत्राची सुई जेवढ्या क्षेत्रात वळते, जवळजवळ तेवढाच.